गुरुजींना 'अतिशय' लागत नसे

भोये गुरुजींचा मला हेवा वाटायचा. 'वाटायचा' हे आपलं सभ्यपणाने लिहायचं म्हणून. माणूस जाऊन भाताचा एक हंगाम उलटला तरी वाटणं काही थांबलेलं नाही. माणूस गेला की मत्सर संपतो आणि आदर उरतो, असं श्रद्धांजलीच्या सभांमध्ये मी स्वतः माईकवरून सांगत आलोय. गुरुजींच्या बाबतीत मात्र दोघेही माझ्या घरी सुखाने एकत्र नांदतात.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे हेवा कशाचा ते कळेल. मी जव्हारचा माईक. शाळेत मराठी शिकवतो, त्याबद्दल पगार मिळतो. पण जव्हारपासून मोखाड्यापर्यंत कुठेही सतरंजी अंथरली, मग ती सेवापूर्ती असो, कबड्डीचं उद्घाटन असो की कुणाच्या पतसंस्थेचा वर्धापनदिन, सूत्रसंचालन पाटील सरांचं. 'अतिशय' माझ्या जिभेवर सकाळीच येऊन बसतो. त्याला बिलगून 'अत्यंत' येतो, मागून 'प्रचंड'. उद्घाटक अत्यंत कर्तव्यदक्ष, अध्यक्ष अतिशय मनमिळाऊ, मंडपवाला प्रचंड मेहनती आणि पोहे केवळ अप्रतिम. लोक टाळ्या वाजवतात. मग भोये गुरुजी उठायचे, माईक बाजूला सारायचे, दोन वाक्यं बोलायचे आणि लोक टाळ्या वाजवायलाच विसरायचे. माझं दुखणं ते.

गुरुजी मूळचे दाभोशाचे. मी शाळेत लागलो तेव्हा ते तिथे मुरलेले होते. साधे, विनम्र वगैरे मुळीच नव्हते, तसा गैरसमज नको. केस काळेभोर रंगवायचे, खिशात कंगवा असायचा आणि वर्गात शिरण्याआधी खिडकीच्या काचेत एकदा स्वतःला बघून घ्यायचे. कॅरममध्ये सरळ सरळ खोटं खेळायचे. पकडलं तर म्हणायचे, "बोर्ड तिरका हाय." दोन माणसं कितीही चांगली बोलत असली तरी तिसरं आपण बोलल्याशिवाय विषय संपला असं ते मानत नसत. एवढा अहंकार असलेला माणूस स्वतःच्या बोलण्यात मात्र एकही फुगीर शब्द घालत नसे. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

माझ्या भाषणांना ते पहिल्या रांगेत बसत. झब्ब्याच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा. मी 'अतिशय' म्हटलं की एक शेंग फोडायचे. 'अत्यंत' म्हटलं की दुसरी. मान वर न करता, अगदी शांतपणे. मी बोलत असायचो आणि समोरून टक् टक् आवाज यायचा. कार्यक्रम संपल्यावर टरफलं झटकत जवळ येऊन म्हणायचे, "पाटील, आज पोट भरलं बघ."

मी एकदा चिडून विचारलं, "गुरुजी, माणसाचं कौतुक करायचं तर थोडं वाढवून नको बोलायला?"

"वाढव की. पण शब्द का वाढवतोस? आवाज वाढव."

"आवाज तर माईकने वाढतोच!"

"तो मोठा होतो रं. मी लांब म्हणतोय."

हे 'लांब' प्रकरण समजावून सांगायला हवं. गुरुजींच्या गावाकडे, पाड्यांवर, माणसं एखादी गोष्ट किती मोठी, किती दूर, किती कडू हे सांगायला वेगळा शब्द आणत नाहीत. त्याच शब्दाला ताण देतात. 'तठं' म्हणजे अंगणापलीकडे. 'तठंऽ' म्हणजे ओढ्यापलीकडे. 'तठंऽऽऽ' म्हणजे भाकरी बांधून घ्या. मी इथे चिन्हं काढून दाखवतोय, पण ते म्हणजे जेवणाचा फोटो दाखवण्यासारखं झालं. तो ताण कुठे चढतो, कुठे पातळ होतो, हनुवटी किती वर जाते, यात सगळा हिशोब असतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला तो बिनचूक कळतो. पाड्यावर पुष्कळांना हे येतं. पण गुरुजींनी ते शाळेच्या मराठीत आणलं, आणि असं आणलं की पुण्याहून आलेल्या माणसालाही न शिकता कळावं.

नव्याने बदलून आलेले एक साहेब दाभोशापुढच्या एका पाड्यावरची शाळा बघायला निघाले होते. जीप अर्ध्या वाटेपर्यंतच जात होती. साहेबांच्या पायात चकचकीत बूट. मी अदबीने म्हणालो, "साहेब, अतिशय लांब आहे. चढ तर प्रचंड आहे." साहेब हसले. म्हणाले, "असू द्या हो, तुम्ही लोक फार घाबरवता." आणि चालायला लागले. तेवढ्यात गुरुजी कडेला उभे राहून कंगवा फिरवत म्हणाले, "साहेब, चऽऽऽढ हाय."

साहेब थांबले. मागे वळले. जीपमध्ये बसले, बूट काढले आणि ड्रायव्हरच्या चपला मागून घेतल्या.

मी दोन दोन शब्द खर्च केले होते. गुरुजींनी फक्त श्वास सोडला होता.

वर्गातही तेच. दाभोशाचा धबधबा हा आमच्याकडे निबंधाचा ठरलेला विषय. मुलं लिहितात, 'धबधबा खूप खूप सुंदर आहे.' मी लाल शाईने एक 'खूप' खोडायचो आणि वर 'अत्यंत विलोभनीय' असं सुचवायचो. गुरुजी लिहिणाऱ्या मुलीला पुढे बोलवायचे.

"खूप म्हणजे केवढा? दाखव."

मुलगी दोन्ही हात पसरायची.

"आता हे हात वहीत लिही."

एका मुलीने बराच वेळ पेन चावून लिहिलं : 'मी धबधब्याजवळ आईला हाक मारली. ती माझ्या शेजारीच होती. तिला ऐकू गेली नाही.' गुरुजींनी ते वाचलं आणि म्हणाले, "हांऽऽ." बस, एवढंच. ती मुलगी पुढचे कितीतरी दिवस जमिनीला पाय न लावता चालत होती. ते वाक्य शाळेच्या भित्तिपत्रकावर सगळ्यात वर लागलं. त्याच्याखाली, अर्धं झाकलेलं, माझं संपादकीय होतं. त्याची सुरुवात 'निसर्गाच्या अत्यंत नयनरम्य कुशीत' अशी होती. लोक येत, वरचं वाचत, आणि खालचं न वाचता जात. मी दोन वेळा टाचण्या काढून माझा कागद वर सरकवला. परत खाली आलेला असायचा.

आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हाची गोष्ट तर मला अजून टोचते. मुख्याध्यापक तापट. सगळ्या शाळेला ते माहीत. मी माईकवरून त्यांना अत्यंत शांत, अतिशय संयमी, कमालीचे प्रेमळ करून टाकलं. ते खुर्चीत बसून मांडीवरची शाल सारखी करत होते, जणू मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. मग गुरुजी उठले.

"हेडसर चिडके. पोरं भ्यायची, मीसुद्धा भ्यायचो. पण उन्हाळ्यात टाकी कोरडी पडली तेव्हा हेच पंचायत समितीच्या दारात जाऊन बसले, आणि पाणी येईपर्यंत तिथून हलले नाहीत. तवा त्यांचा राग कामाला आलाऽऽ."

आणि तो तापट माणूस शालीत तोंड लपवून रडला. त्यांच्या बायकोने मला नंतर विचारलं, "भोये गुरुजींचं भाषण कुणी रेकॉर्ड केलंय का हो?" माझ्या हातात माईक होता, बाई! माझं विचारा की!

मी प्रयत्न केला नाही असं नाही. तालुक्याच्या क्रीडा स्पर्धांच्या बक्षीस समारंभात मी मनाचा हिय्या करून विशेषणं घरी ठेवली आणि विजेत्या मुलींसाठी माईकमध्ये म्हणालो, "भाऽऽऽरी खेळल्या!" साउंडवाला धावत आला, वायर हलवली, दोन बटणं फिरवली आणि माझ्या कानात म्हणाला, "सर, इको गेला. आता बोला." पहिल्या रांगेत गुरुजींचे खांदे हलत होते.

घरात माई, म्हणजे गुरुजींची बायको, म्हणायच्या, "आमच्याकडं भाजी चांगली झाली का, ते विचारावं लागत नाय. 'हं' किती लांब येतो त्यावर कळतं." गावाने तर त्यांचा वेगळाच उपयोग केला. कुणाचं लग्न ठरायचं असलं की समोरची माणसं चौकशीला गुरुजींकडे येत. मुलगा कसा, घर कसं, सासू कशी? गुरुजी एक शब्द बोलत, आणि पाहुणे त्या शब्दाच्या लांबीवर निर्णय घेऊन चहा पिऊन जात. माझ्याकडेही सुरुवातीला येत असत. मी प्रत्येक मुलाला अतिशय सुशील म्हटल्यामुळे येणं बंद झालं.

मग गुरुजी आजारी पडले. छातीत कफ, ताप, आधी जव्हारला, मग नाशिकला दवाखान्यात. परत आले ते अर्धे होऊन. केस पांढरे झालेले दिसले, कारण दवाखान्यात रंगवायला कुणी नव्हतं. ते मला फार लागलं. पण खरं नुकसान नंतर कळलं. श्वास पुरेना. वाक्य बोलता येत होतं, ताणता येत नव्हतं. 'हां' म्हणायचे तो नुसता 'हां'. 'लांब' म्हणायचे तो एवढासा.

लोकांना वाटलं, गुरुजींची मतं बदलली. माई कितीतरी दिवस भाजीत मीठ कमी-जास्त करत बसल्या. बघायला आलेल्या जुन्या विद्यार्थ्याला ते 'बरं केलंस' म्हणाले, तर तो पोरगा पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आला. आणि मग व्हायचं ते झालं : जव्हारच्या एका मुलाची चौकशी करायला माणसं आली, गुरुजी म्हणाले, "पोरगा चांगला हाय," आणि पाहुणे एकमेकांकडे बघून उठले. नुसता 'चांगला'? भोये गुरुजींच्या तोंडून एवढा आखूड? स्थळ मोडलं. गुरुजी जेवले नाहीत त्या दिवशी, असं माई म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या ऋतुजाचं ठरायला आलं. ऋतुजा माझी मुलगी. औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. मुलगा तिने स्वतःच पसंत केलेला, मोखाड्याचा. त्याचे वडील शेलार भाऊसाहेब, सरकारी कचेरीत मोठे कारकून, चष्म्यावरून बघणारे. ते घरी आले. मी मुलीचं वर्णन करायला तोंड उघडलं तर ऋतुजाने आतून हाक मारली, "बाबा, जरा इकडे या," आणि आत नेऊन हळूच म्हणाली, "पाया पडते, तुम्ही काहीही बोलू नका." पण वडील आहे मी. बाहेर येऊन बोललोच. अतिशय गुणी, अत्यंत समंजस, प्रचंड कष्टाळू. शेलारांनी ऐकून घेतलं, नारळ पुढे होता त्याला हात लावला नाही आणि म्हणाले, "सर, मुलगी चांगलीच असणार. पण तुमचं सूत्रसंचालन आम्ही मोखाड्यात ऐकलंय. रविवारी भोये गुरुजींना भेटतो, मग बोलू."

ऋतुजा माझ्याकडे बघत होती. त्या बघण्याचं वर्णन करायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर गुरुजींकडे. "गुरुजी, ताण जमत नाही तर एक शब्द तरी जोडा पुढे. तुमच्या पोरीसारखी आहे ती."

"कंचा शब्द?"

"लई म्हणा. लई गुणी."

"तो घाटावरचा. माझ्या तोंडात नाय बसत."

"बरं, एकदम?"

"तो मुंबईला कामाला गेलेली पोरं घेऊन येतात, मोबाईलच्या कव्हरसारखा."

"अत्यंत?"

"अत्यंत तातडीचे. तहसीलच्या पाकिटावर."

"प्रचंड तरी!"

"पोरगी हाय का धरण?" एवढं बोलून त्यांना खोकला आला. माईंनी पाठ चोळली. श्वास बसल्यावर म्हणाले, "जा तू. बघतो मी."

त्या 'बघतो'ची लांबी मोजायचा मी घरापर्यंत प्रयत्न केला. काही लागलं नाही हाताला. घरी सांगितल्यावर ऋतुजा म्हणाली, "बाबा, तुम्ही भोये गुरुजींना बोलायला शिकवायला गेला होता?" आणि खोलीचं दार लावून घेतलं.

रविवारी चौकशीच्या वेळी मुलीच्या बापाने तिथे असू नये, अशी रीत आहे. रीत मी पाळली. मी बाहेरच्या खोलीत नव्हतो, स्वयंपाकघरात होतो. माई चहा टाकत होत्या आणि मी पातेल्यावरचं झाकण हातात धरून भिंतीला कान लावून उभा होतो. "सर, झाकण द्या, उतू जाईल," माई कुजबुजल्या. मी दिलं नाही.

बाहेर शेलार भाऊसाहेब म्हणाले, "गुरुजी, पाटील सरांची मुलगी कशी आहे?"

"चांगली हाय," गुरुजी म्हणाले.

आखूड. तसाच आखूड. कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग गुरुजींनी श्वास घेतलेला ऐकू आला, मोठा, घरघरणारा. "चांऽ—" आणि खोकला. बराच वेळ खोकला. माईंनी डोळे मिटून घेतले. खुर्ची सरकली, शेलार उठले असणार. "राहू द्या गुरुजी, त्रास नका घेऊ. कळलं आम्हाला."

"बसा," गुरुजी म्हणाले. "कळलं नाय तुम्हाला."

खुर्ची परत सरकली.

"हिचा बाप अतिशय म्हणतो. ऐकलंय ना तुम्ही?"

"ऐकलंय," शेलारांच्या आवाजात हसू होतं.

"तो सगळ्यांनाच म्हणतो. पोह्यांनासुद्धा." थोडं थांबून, श्वास गोळा करून ते म्हणाले, "या पोरीच्या बाबतीत ते खरं हाय. मी नाशिकला पडलो होतो तवा जव्हारवरून रात्रीच्या गाडीने औषध घेऊन आली ती. नातं ना गोतं. मला सांगितलंन्, गुरुजी, बाबांना कळवू नका, ते स्टेटसला टाकतील." पुन्हा श्वास. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या समजुतीप्रमाणे शेवटचं : "अतिशय चांगली हाय."

चहा उतू गेला. माईंनी तो जाऊ दिला.

मग शेलार भाऊसाहेबांचा आवाज आला, चष्मा काढल्यावर येतो तसा ओलसर. "गुरुजी, तुम्ही हा शब्द वापरलात. मग आता विचारायचं काय राहिलं?"

खरं सांगू? मुलीच्या लग्नाचा आनंद मला झाला, पण तो दुसरा. पहिला वाटला तो हेवा. तो शब्द माझा होता हो! मी त्याला वर्षानुवर्षं पाळला, प्रत्येक शालीबरोबर, प्रत्येक श्रीफळाबरोबर दिला, पोह्यांनासुद्धा दिला. माझ्या तोंडून तो निघाला की लोक घड्याळ बघायचे. आणि या माणसाने तो एकदाच, अर्ध्या श्वासात, उसना घेऊन वापरला, तर माझ्या घरचं मंगलकार्य ठरून गेलं. शेगडीवर ओघळलेल्या चहाच्या वाफेत मी झाकण धरून उभा होतो, रडत होतो, आणि जळत होतो.

पाहुणे गेल्यावर गुरुजींना दाभोशाला जायचं होतं, झोडणीला आलेलं भात बघायला. माई नको म्हणत होत्या. ते ऐकणार नव्हते. मी त्यांना हाताला धरून जीपच्या थांब्यापर्यंत नेलं. वाटेत मला राहवेना.

"गुरुजी, कसा वाटला शब्द?"

"जड हाय रं," ते म्हणाले. "तू रोज कसा उचलतोस?"

जीप भरलेली होती. ड्रायव्हरने पुढची जागा त्यांना करून दिली. मागे बाजाराची माणसं, टोपल्या, एक कोंबडी. गुरुजींनी खिडकीबाहेरच्या आरशात एकदा स्वतःचे पांढरे केस बघितले, मला हात केला आणि ड्रायव्हरकडे वळून काहीतरी सांगायला लागले. ओठ हलताना दिसत होते. आवाज पार खाली गेलेला. ड्रायव्हर वाकला, त्याला ऐकू येईना. मागची माणसं पुढे झुकली, टोपल्यांवरून, एकमेकांच्या खांद्यांवरून. तेव्हा ड्रायव्हरने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

गुरुजींना मी त्यानंतर पाहिलं नाही. थांब्यावर उभा राहून मी ती थांबलेली जीप बघत होतो. मला अख्ख्या तालुक्याने माईक दिले, कर्णे दिले, इको दिला. माझं ऐकण्यासाठी इंजिन मात्र कुणी कधी बंद केलेलं नाही.